भोंग्यावरची खानावळ

लातूर नवा जिल्हा झाला आणि साहेब, कारकून, शिपाई यांची रीघ लागली. बिऱ्हाडं नांदेडला नाहीतर उस्मानाबादला, आणि हे इथे एकटे, दुपारी उपाशी. आमच्या चाकूरकडे मात्र पावसाने दडी मारलेली. शेतात मजुरी उरली नव्हती. आईने लातुरात बसस्टँडमागे एक खोली घेतली आणि जाहीर केलं, खानावळ काढायची. वडील गेल्यापासून तिचं जाहीर करणं म्हणजे हुकूमच.

खोलीत पहिली वस्तू गेली ती बुद्धाची तसबीर. दारासमोरच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल अशी. मामाचा जीव वरखाली झाला.

"अक्का, चार महिनं आत ठेव. लोक जेवाया लागले की मग लाव."

"मग मलाबी आतच ठेव की. भाकरी कोण थापील?" आई म्हणाली.

मी अकरावीत होते, जिभेला हाड नव्हतं. मी मामाला तोंडावर भित्रा म्हटलं. खरं तर भीती मलाही होती. आम्ही बौद्ध म्हणून आमच्या घरचं पाणी न पिणारी माणसं मी गावात पाहिली होती. इथे तर ताट वाढायचं होतं, आणि चाललं नाही तर माझं कॉलेज सुटणार होतं.

त्या काळी लातुरात कुठल्या दुकानात काय चाललंय ते भोंगेवाल्या काकांकडून कळायचं. सायकलरिक्षाला भोंगा बांधून ते दिवसभर फिरत: टायपिंगचा क्लास सुरू झाला, सायकलवाल्याने जागा बदलली, विहीर आटल्यामुळे बर्फवाल्याचं दुकान बंद. पण स्वतः अनुभव घेतल्याशिवाय ते बोलत नसत. एका शिंप्याकडे शर्ट शिवला, तो काखेत दाटला, तर तेही गंजगोलाईच्या अख्ख्या बाजाराला ऐकवलं. शिंपी बिचारा आठवडाभर तोंड लपवून होता.

मामाने त्यांना गाठून सांगितलं, "'बसस्टँडमागं घरगुती खानावळ', एवढंच म्हणा."

"खाल्ल्याबिगर बोलत न्हाई मी," म्हणत ते आलेच.

दारात थांबून त्यांनी तसबीर बघितली. आईचा हात परातीतच थांबला. मग चपला काढून ते आत आले, मांडी घालून पोटभर जेवले, ठेचा पुन्हा मागून घेतला आणि काही न बोलता निघून गेले.

"बुडालो," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा गल्लीच्या तोंडाशी कडाडला. "बसस्टँडमागं नवी खानावळ! भाकर लई मऊ, ठेचा झणझणीत. वरणाला मीठ कमी हाय! खूण ध्यानात ठेवा, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर!"

मामाने कपाळावर हात मारला. आई संतापली ती मिठावरून. "कमी? माझ्या वरणाला?"

दुपार झाली. ताटं मांडलेली, वरण निवत चाललेलं, आणि दारात कुणी नाही. मला त्या भोंग्याचा, त्या मिठाचा, सगळ्या लातूरचा राग आला. आईने वरण पुन्हा गरम केलं.

मग दारात एक कारकून उभा राहिला. त्याने आधी तसबिरीकडे पाहिलं, मग आईकडे.

"हीच ना ती?" असं म्हणून तो आत येऊन बसला. उन्हातून आलेला, त्याने आधी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. गटागटा पिऊन त्याने तो पुन्हा पुढे केला. मला रडू आलं. ते लपवायला मी चुलीकडे वळले. तेवढ्यात दारात आणखी दोघे चपला काढताना दिसले.

आईने वरण वाढलं. कारकुनाने घास घेतला आणि जरा थांबला.

"मावशी, भोंगेवाले खरं बोलतात बरं का."

आईने मिठाची बरणी त्याच्या ताटाशी ठेवली.