मिलिंदचा भोंगा

या महिन्याच्या नऊ तारखेला, मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, रामदासपेठेतल्या एका सर्व्हिस सेंटरने माझ्या मेलेल्या भावाचा भोंगा पुसून टाकला.

वेळ मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या जॉब कार्डवर ती छापली आहे. ‘फॅक्टरी रिसेट, ओके.’

ओके म्हणे.

आज मिलिंदला जाऊन एक वर्ष झालं.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी सांगते. भोंगा म्हणजे मिलचा. आमचे बाबा कापडाच्या मिलमध्ये होते. भोंगा झाला की वस्तीत चहा चढायचा, पुढचा झाला की आम्ही शाळेला निघायचो. मी कॉन्व्हेंटमध्ये, तो म्युनिसिपालिटीच्या शाळेत. भोंगा मात्र दोघांना एकच.

मिल बंद पडली. भोंगा कोणी रेकॉर्ड करून ठेवला नव्हता. असं काही कोणाला सुचतं का?

मिलिंद दिवसा शहराबाहेर वाडीच्या एका गोदामात सुपरवायझर, संध्याकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीत कीबोर्डवर. काही वर्षांपूर्वी त्याने स्वस्तातला एक सिंथेसायझर आणला.

“या वयात खेळणं?” मी म्हटलं.

“खेळणं नाही वं ताई. याच्यात अर्धं डोकं कॉम्प्युटरचं आहे, अर्धं जुन्या रेडिओचं. मूळ सूर डिजिटल, तो मेमरीत राहते. पण जाडी, घरघर, हे सारं अ‍ॅनालॉग. ते मशीनच्या लक्षात नाही राहत. नॉब जिथं ठेवला तिथं.”

“मग ते लक्षात कोण ठेवणार?”

“मी आहो ना.”

त्या मशीनवर मिलचा भोंगा जुळवण्यात त्याने सहा महिने घालवले. बाबांच्या खात्यातले डोमाजी काका रोज संध्याकाळी परीक्षक म्हणून खुर्चीवर बसायचे.

“सूर बरोबर आहे गा, पण तू घाई करून राहिला. आपला भोंगा पहिले खाकरे, मंग ओरडे.”

मिलिंदने तो खाकरायला लावला.

पहिल्यांदा स्टेजवर वाजवला, तेव्हा पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. डोमाजी काकांचा हात खिशाकडे गेला. गेटपास शोधायला.

(मोबाइलवर व्हिडिओ असतील, असं कृपया कमेंटमध्ये सांगू नका. आहेत. त्यांत भोंगा कमी आणि शिट्ट्या जास्त ऐकू येतात.)

येत्या रविवारी समाजभवनात मिलिंदच्या आठवणीत त्याच्या पार्टीचा कार्यक्रम आहे. डोमाजी काकांची एकच मागणी, सुरुवात भोंग्याने. ते आता नव्वदीला टेकलेत. “एकदा अजून आयकतो,” म्हणाले.

मशीन वर्षभर कापडाखाली होतं. एक काळी पट्टी दबून बसली होती, म्हणून मी ते सर्व्हिसला दिलं. फॉर्मवर माझ्या अक्षरात लिहिलं, ‘फक्त दबलेली पट्टी. बाकी कशालाही हात लावू नये.’

परत आणलं. पट्टी छान उठत होती. भोंग्याच्या जागी कुठल्याशा लिफ्टमधलं संगीत.

काउंटरवरचे गृहस्थ शांत होते. “मॅडम, पॉलिसी आहे. सर्व्हिसले आलं का आम्ही रिसेट मारतोच. एकदम नवीन झालं न तुमचं.”

“मी नवीन मागितलं होतं का?”

“बॅकअप कस्टमरनं घ्यायचा असते.”

“कस्टमर वारला आहे.”

त्यांनी जॉब कार्ड माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “साहेबांशी बोला.”

“कुठे आहेत?”

“साहेब मेलवर राहतात.”

मी तीन मेल केल्या. उत्तरादाखल मला एक तक्रार क्रमांक मिळाला आहे. तो छान लांब आहे.

आता पुढचं लिहायलाच हवं. नाहीतर वरचं सगळं लबाडी होईल.

मशीन परत आणलं त्या संध्याकाळी पार्टीतले ढोलकीवाले राजूभाऊ मशीन बघायला आले. वाकून बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

“ताई, लाल ठिपके काहून दिसून नाही राहिले?”

“कुठले ठिपके?”

“नॉबच्या बाजूनं. नेलपॉलिशचे. भोंग्याच्या टायमाले कोणता नॉब कुठवर, त्याची खूण होती ती दादाची.”

मी पोरींच्या कॉन्व्हेंट शाळेत तीस वर्षं शिकवण्यात काढली. दर सोमवारी असेंब्लीत नखं तपासायची, रंगलेली दिसली की कापूस आणि रिमूव्हर. आमच्या सिस्टर्सनी माझी नखं पुसली, मी पुढच्यांची पुसली. रिमूव्हरची एक बाटली अजून कपाटात आहे.

मशीन दुकानात द्यायच्या आधी मला त्यावर लाल डाग दिसले. वाटलं, कुण्या पोरीने खेळताना केले. घाणेरडी वस्तू परक्याच्या हातात द्यायची नाही, हे माझ्या हाडात आहे.

एकेक ठिपका घासून काढला. एकही सोडला नाही.

डिजिटल अर्धं त्यांनी पुसलं. अ‍ॅनालॉग अर्धं मी.

चार दिवस रोज संध्याकाळी आम्ही नॉब फिरवतोय. कुकर झाला, डास झाले, एकदा अ‍ॅम्ब्युलन्स झाली. डोमाजी काका कान पुढे करून बसतात. “हा नाही.” “हा बी नाही.”

काल मी त्यांना ठिपक्यांचं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

“सूर आण वं बाई तेवढा,” म्हणाले. “खाकरणं मी सांगतो. माह्या ध्यानात आहे.”

मिलिंद, तुझी ताई साफसफाईत पहिली आली बघ. जय भीम.

आणि मेलवर राहणारे साहेब, रिसेट मारण्याआधी माझ्या भावाच्या मशीनचा बॅकअप घेतला होता का? हो की नाही? माझ्या अर्ध्याचा लेखी जबाब मी वर दिला आहे. तुमच्या अर्ध्याचा मला हवा, सहीनिशी, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत.