देवरावचा घोटा

कार्ड आलं ते सहाव्या दिवशी, कोपरा फाडलेलं. परतवाड्याहून आमच्या जंगलनाक्यापर्यंत टपाल येतं ते लाकडाच्या ट्रकवाल्यांच्या मर्जीनं, त्यामुळे बातम्या आमच्याकडं शिळ्या होऊनच पोचतात. फाटका कोपरा दिसला की माणूस मजकूर वाचायच्या आधी नाव शोधतो. मीही शोधलं... देवराव. त्याच्या शाळेतल्या एका मास्तरानं लिहिलं होतं की देवराव गुरुजी काविळीनं गेले, रविवारी पुण्यानुमोदन आहे. तो रविवारही आदल्याच दिवशी उलटला होता. मी कार्ड खिशात घातलं आणि ठरल्याप्रमाणे हद्दीचे दगडी मुनारे तपासायला निघून गेलो. दिवसभर चाललो. रडू आलं नाही, थकवा मात्र आला, आणि आज पाच आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या मित्रावर लिहिताना चार गोड शब्द जुळवायचे असतात हे मला ठाऊक आहे. पण माझ्याजवळ आधी एक कबुली आहे, आणि ती टाळून बाकीचं लिहिण्याचं धाडस मला होत नाही.

आमची गाठ पडली अमरावतीला, कॉलेजच्या पहिल्या वर्षी. मी तेल्हाऱ्याकडचा, घरची वीस एकर काळी जमीन, वडिलांना पोरगा शिकला काय अन् न शिकला काय सारखंच. देवराव पातूरकडच्या एका खेड्यातला. त्याची आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. दीक्षा घेतल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. आईनं घरातले देव नदीत सोडले होते आणि त्या जागी पोराची मॅट्रिकची सनद चौकटीत घालून लावली होती. एकदा मी त्याच्या घरी गेलो तर ती माउली मला म्हणाली, "याले सरकारी नोकरी लागली ना बाप्पा, का मी कोनाच्या वावरात पाय नाही ठेवत." देवराव लाजून म्हणाला, "माय, पाहुन्याले पानी तर दे आधी." तो असाच होता. स्वतःविषयी कुणी बोलू लागलं की त्याला दुसरं काहीतरी काम आठवायचं.

कॉलेजजवळच्या व्यायामशाळेत एक निवृत्त सुभेदार होते. लष्करात त्यांनी नकाशे आणि होकायंत्र शिकवण्यात उमर घालवली होती, आणि ती विद्या आता कुणाला द्यावी हे त्यांना कळत नव्हतं. दरसाल उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पोरांची एक दौड घ्यायचे. परतवाड्याच्या वर, डोंगरात. रस्ता असा नाहीच. हातात नकाशा, होकायंत्र, आणि जंगलात चार ठिकाणी लपवलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या. एकेकानं सुटायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, चारही चिठ्ठ्या घेऊन परत यायचं. त्या वर्षी जंगल खात्याचे एक साहेब दौड पाहायला येणार होते. खात्याच्या मोजणी पथकात दोन जागा होत्या आणि सुभेदारांचा शब्द त्या साहेबांकडं चालत होता. देवरावच्या आईच्या वावरातल्या पायांचा प्रश्न असा त्या दौडीवर येऊन ठेपला होता.

पळण्यात आम्ही उन्नीस-बीस असू, पण नकाशात देवरावचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची पद्धत मात्र न्यारी. सुभेदार सांगायचे, उभं राहा, होकायंत्र डोळ्यासमोर धरा. हा जिथं असेल तिथं भुईवर फतकल मारायचा, मांडी घालून नकाशा मांडीवर पसरायचा, त्यावर होकायंत्र ठेवायचा आणि पोथी वाचावी तसा वाचायचा. सुभेदार कावायचे, "अरे, तेरे लिये पाट मंगवाऊं क्या? भात वाढू?" सगळे हसायचे. पण तो उठून बोट दाखवायचा ती दिशा नेमकी निघायची, म्हणून शेवटी सुभेदारांनीही नाद सोडला. जित्याची खोड, म्हणाले.

दौडीला महिना राहिला असताना त्याचा घोटा गेला. वडाळीच्या तलावापलीकडं तुरी निघालेल्या वावरातून आम्ही पहाटे पळत होतो. आमच्या काळ्या मातीला फाल्गुनात भेगा पडतात, पाय गुडघ्यापर्यंत आत जाईल अशा. त्या चुकवत पळायची आम्हाला सवय होती, पण त्या दिवशी भेगेवर तुराट्यांचा पाला साचला होता. त्याचा डावा पाय आत गेला आणि अंग पुढं. मी त्याला पाठुंगळी घेऊन आणलं. वाटेत तो एकच विचारत होता, "मोडला काय बे? खरं सांग, मोडला काय?" मोडला नव्हता, पण भोपळ्यासारखा सुजला होता.

मग जे तीन आठवडे गेले ते आठवले की आजही मला दम लागतो. आंबेहळदीचा लेप, त्यावर रुईची शेकलेली पानं. पहिले आठ दिवस तो खाटेवर पडून नुसते नकाशे वाचायचा. नंतर रोज सकाळी मी त्याला सायकलवर मागं बसवून तलावावर न्यायचो. कमरेइतक्या पाण्यात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, कारण पाण्यात पायावर भार कमी येतो असं कुणीतरी पैलवानानं सांगितलं होतं. संध्याकाळी खोलीत चिंचोके पसरून ते पायाच्या बोटांनी एकेक उचलून तांब्यात टाकायचा. शंभर झाले की पुन्हा शंभर. कपाळावर घाम, ओठ आवळलेले. मी म्हणायचो, "बस कर आता." तो म्हणायचा, "तू झोप. तुह्या घरी वीस एकर हाये." त्यात टोमणा नव्हता. होतं ते त्यानं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तो पळू लागला, पण उतारावर घोटा आतल्या बाजूला कलंडायचा.

इथं मी शहाणपण केलं. माझे मामा अकोल्याला एका प्रेसिंग फॅक्टरीत फिटर होते. कापसाची गाठ दाबली की तिला लोखंडी पट्ट्या आवळतात, त्या लवचिकही असतात आणि मजबूतही. मी एका दिवसात अकोल्याला जाऊन आलो. मामांनी पट्टीचे दोन तुकडे कापले, ऐरणीवर ठोकून घोट्याच्या बाकाचे केले, कडा घासून दिल्या. दोन्ही बाजूंना त्या पट्ट्या, आत सरकी काढलेला कापूस, वरून कापडी पट्टा. दुसऱ्या दिवशी आम्हाला परतवाड्याची गाडी धरायची होती. देवरावनं खोलीतल्या खोलीत दोन उड्या मारल्या आणि त्याचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा सैल झाला. "गजा, आता मी बी गाठ झालो लेका! मुंबईले धाडून दे मले," म्हणाला. मी स्वतःवर इतका खूश होतो की काय सांगू.

दौडीच्या दिवशी तो माझ्या आधी सुटला. पहिली खूण पायवाटेवरच होती. तिथून पुढं वाट नव्हती, होकायंत्र लावूनच जायचं. मी पोचलो तेव्हा देवराव पळसाखाली मांडी घालून बसला होता. नकाशा मांडीवर, होकायंत्र नकाशावर. कपाळाला आठ्या. त्यानं वर सूर्याकडं पाहिलं, परत काट्याकडं पाहिलं, परत सूर्याकडं. मग उठला आणि डाव्या हाताच्या नाल्यात उतरून दिसेनासा झाला. मी उभ्यानं माझं होकायंत्र लावलं. माझी दिशा सरळ टेकाडावर जात होती. मी तीनदा लावून पाहिलं. देवराव चुकत नाही, तेव्हा मीच चुकत असेन, असं वाटलं... पण काटा हलेना. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. बोलायचं नाही असा नियम होता, तो मी पाळला. इतर नियम मी एवढ्या निष्ठेनं पाळल्याचं मला आठवत नाही.

तो परत आला दिवस मावळताना, सगळे येऊन बसल्यावर. एकच चिठ्ठी हातात. जंगलातून अठरा-वीस मैल तरी पळाला असेल, आणि घोटा शाबूत होता. साहेब त्याच्याकडं पाहून सुभेदारांना म्हणाले, "पोरगा दणकट आहे. पण ज्याला दिशा कळत नाही त्याला जंगलात पाठवून मी काय करू?" सुभेदारांनी मान खाली घातली. दोन जागांपैकी एक मला मिळाली. गाडीत देवराव माझ्या शेजारीच बसला होता. बराच वेळ पट्ट्या सोडत राहिला, मग म्हणाला, "मन म्हने इकडे, काटा म्हने तिकडे. सुभेदार शिकवत होते ना, मनाचं आयकू नका, काट्याचं आयका. आयकलं." थोड्या वेळानं म्हणाला, "पाय नाही हारला गजा. डोस्कं हारलं."

सहा महिन्यांनी खात्याच्या प्रशिक्षणात मोजणी शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की होकायंत्र हातात घेण्याआधी कोयता, किल्ल्या, चाकू, जे लोखंडी असेल ते दूर ठेवा, नाहीतर काटा त्याच्याकडं ओढला जाईल. सगळ्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं. माझा हात चालेना. मला दिसत होती ती मांडी. नकाशा, त्यावर होकायंत्र, आणि बरोबर त्याच्याखाली, वीतभर अंतरावर, दुमडलेला डावा घोटा आणि मी आणलेलं लोखंड.

त्याच संध्याकाळी पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. त्याला सांगायचं म्हणजे ही नोकरी तुझी होती हेही सांगावं लागलं असतं, आणि तोवर मी खाकी कपड्यात घरी जाऊन आलो होतो, वडिलांनी गावात पेढे वाटले होते. पुढल्या वेळी सांगू म्हणून मी आठ वर्षं ढकलली. देवराव तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर झाला. नोकरी बरी होती, आईचं वावरात जाणं थोडं उशिरा का होईना, सुटलं. त्याचं लग्न झालं, वहिनी मोठ्या मनाच्या मिळाल्या. मी दरसाल त्याच्याकडं जायचो. एकदा बोलता बोलता कळलं की तो भूगोल शिकवत नाही. दुसऱ्या मास्तरांना भूगोल देऊन त्यानं त्यांचं गणित घेतलं होतं. "आपल्याले दिशा समजत नाही, पोट्ट्यायचं काहून वाटोळं करा?" हसत हसत म्हणाला. एस.टी. स्टँडवर उतरला की तो स्वतःच्या पायाखालची वाटही कुणाला तरी विचारून घ्यायचा. मी तेही पाहिलं आणि त्यांच्या घरची भाकरी खाऊन परत आलो.

शेवटी सांगितलं ते अकोल्याच्या दवाखान्यात. डोळे पिवळे झाले होते, बोलताना धाप लागत होती, डॉक्टर घरी न्या म्हणत होते. मी म्हणालो, "देवराव, त्या पट्टीनं काटा फिरला होता बे. नकाशा तू बरोबर वाचला होता." मग त्यानं विचारलं, "तुले कवा समजलं?"

"नोकरी लागल्यावर. सहा महिन्यानं."

"अन् तू दरसाल माह्या घरी येऊन जेवून गेला."

तो छताकडं पाहत म्हणाला, "आठ वर्सं पोट्ट्यायले भूगोल नाही शिकवला मी..." आणि कूस बदलली. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "जाय आता. मले झोपू दे." ही आमची शेवटची भेट. त्यानं मला माफ केलं असं लिहायला मला फार आवडलं असतं.

कार्ड आल्यावर रजा मिळायला आणखी आठवडा गेला. मी त्याच्या गावी पोचलो तेव्हा वहिनी ओसरी सारवत होत्या. अर्धी सारवून झाली होती, पण बाजेजवळचा चांगला दोन हात तुकडा त्यांनी कोरडा सोडला होता. त्या तुकड्यावर गेरूनं नि चुन्यानं गावाचा नकाशा काढलेला. शाळा, विहीर, नाला, बौद्धवाडा, स्टँड, तेल्हाऱ्याचा रस्ता, आणि एका कडेला बाण काढून 'उत्तर'. वहिनींनी सांगितलं, की दवाखान्यातून आणल्यावर देवरावनं शाळेतल्या पोरांना बोलावून घेतलं. पोरं पावलांनी अंतरं मोजून आणायची, अंगणात काठी रोवून सावल्या सांगायची, आणि हे बाजेवरून उतरून, बसल्या बसल्या सरकत काढायचे. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पोरांना शिकवलं. त्यानंतर उठले नाहीत.

"तुमाले सांगून ठेवलं होतं त्याईनं," वहिनी म्हणाल्या. "म्हने, गजा आला का त्याले तपासाले लावजो. बरोबर हाये काय ते पाहा ना, भाऊजी."

मी कमरेचा पट्टा सोडला, त्याचं बक्कल लोखंडी आहे. चाकू काढला, किल्ल्या काढल्या, टॉर्च काढला, खिळे मारलेले बूट काढले. सगळं अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं. वहिनी हातातलं शेण तसंच धरून पाहत होत्या. मग मी ओसरीवर येऊन मांडी घातली आणि होकायंत्र त्याच्या बाणावर ठेवलं. काटा थोडा थरथरला आणि थांबला.

"बरोबर आहे, वहिनी," मी म्हणालो. तेवढ्यानं भागेना, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो, "एकदम बरोबर आहे."