कंपनीच्या गेटातली माती
घरात कढी उकळायला लागली की मला चिखलीच्या तालमीतली माती आठवते. तीही ताक-हळद घालूनच मळलेली असायची. थोरला भाऊ पंधरा वर्षं त्या मातीत लढला. आखाड्यात उतरताना आधी ती कपाळाला लावायचा. गुडघा कायमचा गेला तेव्हा वस्तादांनीच त्याची कुस्ती बंद केली, आणि तो चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटीला लागला. पहिल्या दिवशी मी त्याला गाडीवरून सोडलं. गेटातून आत जाताना तो सवयीनं वाकला, खाली हात टेकवून कपाळाकडे नेला आणि मध्येच थांबला. कोरड्या बोटांकडे बघत म्हणाला, "माती न्हाई रं हितं." मी म्हणालो, "जा, उशीर व्हतोय." अजूनही त्याला मीच सोडतो. तो आता न वाकताच आत जातो. ते बघवत नाही, म्हणून मी आधीच गाडी वळवतो.