रबरी गड्याच्या खांद्यावर घड

"असा गडी टोयीत कोन घेईन?"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. दाराजवळच्या स्टुलावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ शेजारच्या ड्रायव्हरला हळूच म्हणाले. ड्रायव्हर तोंडावर हात धरून हसला. त्याच वेळी पुढे सोफ्यावर बसलेले क्लायंट टाळ्या वाजवत होते. मी मध्ये, प्रोजेक्टरच्या टेबलापाशी उभी होते. त्यामुळे मला दोन्ही ऐकू आलं.

मी जळगावात एका लहान अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करते. आम्ही सहा जण आहोत. शाळेच्या अ‍ॅपमधले धडे, बियाण्यांच्या आणि ठिबकच्या जाहिराती, असं आमचं काम. चार वर्षं मी ढग, झाडं आणि बोलणाऱ्या तोंडांचे आकार काढत होते. माणसं चालवायचं काम पुण्याला जायचं. त्या दिवशी पडद्यावर होती ती पहिली फिल्म, जिच्यातला माणूस पहिल्या रेघेपासून मी काढला होता. आमचे नितीन सर म्हणाले होते, ही नीट गेली तर यापुढे माणसं तुझी. नाही तर पुणं आहेच.

क्लायंट केळीचे व्यापारी. कुटुंब मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या यावलमध्ये. हिवाळ्यात वांगी आली की ते कापणीच्या टोळ्यांना शेतावर भरीत-पुरीचं जेवण देतात. टोळी, तिकडच्या बोलीत टोयी, म्हणजे केळीचे घड कापून ते शेतातून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत खांद्यावर वाहून नेणारी माणसं. यंदा जेवणाआधी त्यांना दोन मिनिटांचं कार्टून दाखवायचं ठरलं. हिरो टोळीतलाच. घरातला धाकटा मुलगा ऋषभ याची एकच अट होती. कार्टून अगदी जुन्या ब्लॅक अँड व्हाइट पद्धतीचं हवं.

ती पद्धत थोडी सांगायला हवी. सुरुवातीच्या कार्टूनमधल्या माणसांना कोपर आणि गुडघे नसायचे. हातपाय रबरी नळीसारखे, कुठूनही वाकणारे. कारण सोपं होतं. एका सेकंदाला बारा किंवा चोवीस चित्रं हाताने काढायची, तर सांधे कोण काढत बसणार? डोकं म्हणजे गोल, पोट म्हणजे गोल. काही जण तर नाणं ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायचे. काळ्या अंगावर काळा हात दिसेना, म्हणून पांढरे हातमोजे आले. आणि सगळ्या जगाला डोळे असायचे. झाड, घड्याळ, किटली, सगळं संगीताच्या ठेक्यावर डुलायचं.

मी तेच केलं होतं. नळीसारखे हातपाय, पांढरे मोजे, डोक्यावर टोपी, खांद्यावर घड. प्रत्येक केळ्याला डोळे. ढोलकीच्या प्रत्येक ठोक्याला गडी खाली दबायचा आणि वर उसळायचा. चालण्याच्या एका फेरीची सोळा चित्रं काढली की तीच पुन्हा पुन्हा लावतात. त्याला वॉक सायकल म्हणतात. माझी वॉक सायकल मी मनातल्या मनात फार भारी समजत होते. ऋषभने तिथेच अप्रूव्हल दिलं.

सगळे गेल्यावर मी सरांच्या असिस्टंटला विचारलं, ते दाराजवळचे कोण होते. ते सुपडू आबा. टोळीचे मुकादम. पुढे केळी धुऊन भरतात त्या पॅकहाऊसला जायचं म्हणून ऋषभच्या गाडीत आले होते. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी बसून ती सायकल पुन्हा पुन्हा बघितली. मला चूक दिसेना. दिसलं ते एवढंच, की ज्यांच्यासाठी फिल्म आहे तेच तिला हसणार आहेत. जेवणाला आठवडा होता.

मी सरांना मेसेज टाकला. समोर बसले होते तरी मेसेजच टाकला, कारण तोंडाने सांगताना मी वाक्य अर्धं सोडते. 'चालणं चुकलंय. यावलला जाऊन बघायचंय.' सरांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अप्रूव्हल क्लायंटचं लागतं. मुकादमाचं नाही," ते म्हणाले.

मी मान हलवली, पण जागची हलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी बुधवारपर्यंत मुदत दिली. बुधवारी काही नवं तयार नसेल तर पास झालेली फिल्म जाईल, आणि पुढच्या कामाचं मग बघू. 'मग बघू'चा अर्थ मला कळतो.

रविवारी सकाळच्या एसटीने मी यावलला गेले. मी इंग्लिश मीडियमची. केळीच्या जिल्ह्यात वाढले, पण केळी कापताना कधी पाहिली नव्हती. ऋषभच्या ड्रायव्हरकडून आबांचा नंबर घेतला होता. आबा बांधावर उभे होते. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं.

"कार्टूनवाली ताई ना तू? त्या गड्याले गुडघेच न्हई दिले तू. मंग घड काय मानेवर नेईन?"

टोळी हसली. मीही हसले. मग मी मोबाइल स्टँडवर लावला आणि खाली बसले.

तासाभरात मला माझी चूक दिसली. एकेक घड वीस-पंचवीस किलोचा. खांद्यावर गोणपाटाची घडी, तिच्यावर घड. शेत ओलं, ओळीओळीने ठिबकच्या नळ्या. तरी माणूस पडद्यावरून सरकावा तसा जात होता. गुडघे कायम थोडे वाकलेले. खाली पाय वर-खाली होत होते, कंबर वळत होती, पण डोकं एका रेषेत. पाऊल उंच उचललं जायचं ते फक्त नळी ओलांडताना. आबांनी कारण सांगितलं. केळं हललं की केळ्यावर केळं घासतं. तेव्हा काही दिसत नाही. दोन दिवसांनी पिकताना तिथे काळा डाग उमटतो. उसळत चालणारा माणूस कितीही तगडा असो, त्याला टोळीत ठेवत नाहीत.

"केयी झोपेल पोरासारखी न्या लागते," ते म्हणाले. "जागी नको व्हायले."

म्हणजे माझा हिरो, जो ढोलकीवर मजेत उसळत होता, तो त्यांच्या हिशेबी सगळा माल खराब करत चालला होता. आणि त्याच्या खांद्यावरची केळी डोळे फाडून नाचत होती.

निघायच्या आधी आबांनी मला घड उचलायला लावला. ते म्हणाले, वजन कळल्याशिवाय काय काढशील. दोघांनी तो माझ्या खांद्यावर ठेवला. चौथ्या पावलाला मी थांबले. पण त्या चार पावलांत एक गोष्ट कळली. वजन खांद्यावर नसतं. मांडीत असतं.

घरी येताना बसमध्ये मला कॉलेजातलं लेक्चर आठवलं. रबरी कार्टूनवाल्यांनाही हीच अडचण आली होती. गोष्टी लांबल्या, पात्रांना दुःख, भीती, थकवा द्यायची वेळ आली, तेव्हा नळीचे हातपाय पुरेनात. मग कलाकार समोर खरी माणसं, खरी जनावरं ठेवून चित्रं काढू लागले. वजन कुठे पडतं, उडी मारायच्या आधी अंग कसं दबतं, थांबल्यावर शेपूट कशी मागून थांबते, हे त्यांनी शोधलं. कार्टूनमध्ये वजन आलं ते तेव्हा. पुढे टीव्ही आला. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा म्हणून चित्रं कमी झाली. अंग स्थिर, फक्त तोंड हलतं. डोकं धडापासून वेगळं हलवता यावं म्हणून पात्रांच्या गळ्यात कॉलर आणि टाय आले, जोड लपवायला. ढगांबरोबर मी चार वर्षं काढत होते ती तोंडं याच पद्धतीची. परीक्षेत मी हे सगळं पाठ करून लिहिलं होतं. कोणती स्टाइल कशावर उपाय म्हणून आली, हे मला यावलच्या बसमध्ये समजलं.

ऋषभला जुना काळ हवा होता आणि टोळीला वजन हवं होतं. मी दोन काळ एकत्र करायचं ठरवलं. हात नळीचेच ठेवले, मोजे ठेवले, टोपी ठेवली. पायाची नळी मात्र गुडघ्याच्या जागी दाबली, जणू आत हाड आहे. कंबर प्रत्येक पावलाला वजनाकडे झुकवली. डोकं एका उंचीवर बांधून टाकलं. जमिनीवर ठिबकच्या नळ्या काढल्या. सोळा चित्रांची सायकल बत्तीसची झाली, कारण नळी ओलांडणारं पाऊल वेगळं होतं. सोमवारी आणि मंगळवारी मी जेवायलाही टेबलावरून उठले नाही. माझी मैत्रीण स्वाती शेजारी बसून रेघा साफ करून देत होती. मी त्या गड्याशी पुटपुटते, असं ती अजून सांगते. मला आठवत नाही.

बुधवारी ऋषभ आला. नवी फिल्म बघून त्याचा चेहरा पडला.

"बाउन्स कुठे गेला?" तो म्हणाला. "पहिली मस्त होती. ही जरा सिरीयस झाली."

सर माझ्याकडे बघायला लागले. मला बोलायचं होतं. पण वाक्य अर्धं सुटलं असतं. मी टेबलावरचा मार्कर उचलला आणि मॉनिटरच्या काचेवर डोक्याच्या उंचीला एक आडवी रेघ मारली. पहिली फिल्म लावली. गड्याचं डोकं रेघेच्या वर, खाली, वर, खाली. मग मोबाइलच्या काचेवरही तशीच रेघ मारून आबांच्या टोळीचा व्हिडिओ लावला. मोबाइलमधल्या माणसाचं डोकं रेघेला चिकटून पुढे गेलं. मग नवी फिल्म लावली. गडीही तसाच रेघेला चिकटून गेला.

ऋषभ पुढे झुकला. लहानपणापासून तो केळीत वाढला आहे. त्याला समजावायची गरज नव्हती. तो म्हणाला, आबा बाजूला बसले होते तेव्हा त्यांना विचारायला हवं होतं. मग पुन्हा म्हणाला, पण हसू कुठे आहे?

मी अजून फिल्ममध्ये न जोडलेला शेवटचा शॉट लावला. तो मी मंगळवारी संध्याकाळी काढला होता. गडी घड घेऊन सरकत चालला आहे. घडातलं एक केळं जांभई देतं. दुसरं शेजाऱ्याला टेकतं. एकेक करत सगळी केळी झोपतात. ढोलकी थांबते आणि गडी चवड्यांवर चालायला लागतो. त्याच्या गळ्यातल्या गमछ्याचं टोक तेवढं मागे हलतंय, पावलापेक्षा जरा उशिरा. ऋषभ मोठ्याने हसला आणि त्याने तो शॉट तीनदा बघितला. सरांनी मला मॉनिटर पुसून ठेवायला सांगितलं. सरांकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

शनिवारी दिवेलागणीला शेतावरच्या पॅकहाऊसच्या पांढऱ्या भिंतीवर फिल्म लागली. बाहेर वांगी भाजल्याचा वास होता. टोळ्या जमिनीवर ताडपत्रीवर बसल्या होत्या, बायका एका बाजूला. या सगळ्या प्रकरणात मी एकच नियम शिकले. फिल्म दाखवताना प्रोजेक्टरपाशी उभं राहायचं नाही. दाराजवळ, स्टुलांच्या मागे उभं राहायचं. खरा रिपोर्ट तिथे मिळतो.

गडी भिंतीवर आला तेव्हा हळू कुजबुज होती. त्याने पहिली नळी ओलांडली आणि कुजबुज थांबली. कोणीतरी म्हणालं, पाऊल बरोबर टाकलं बघ. केळी झोपायला लागली तेव्हा बायकांच्या बाजूने हसू सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत वाढत गेलं. मला हसणाऱ्या लोकांची भीती वाटते. त्या दिवशी वाटली नाही. ते गड्याला हसत नव्हते. गड्याबरोबर हसत होते. भिंतीवर बत्तीस चित्रं फिरत होती आणि त्यांतली प्रत्येक रेघ माझी होती.

ऋषभने फिल्म पुन्हा लावायला लावली. दुसऱ्यांदा संपल्यावर सुपडू आबा उठले. आमचे सर पुढे ऋषभच्या वडिलांशेजारी बसले होते. आबा त्यांच्याकडे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा गडी कोन्या टोयीतला?"

सर उत्तर द्यायला वळले. मग त्यांनी मागे दाराकडे बोट केलं. सगळी ताडपत्री माझ्याकडे वळली. एरवी मी अशा वेळी मोबाइल काढून बघते. मी मोबाइल पर्समध्येच ठेवला.

"अजून कोणत्याच नाही, आबा," मी म्हणाले. "आता घ्याल का त्याला?"