खोलीची शांतता

बाबा जाऊन चार महिने झाले. त्यांनी दिलेलं एक उत्तर हरवलं आहे, ते मला लिहून ठेवायचं आहे.

कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. आई आजारी पडली त्या पावसाळ्यात वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. चौघांनी तिला डोलीतून खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या दवाखान्यात ती वारली. पुढे माझी एक कॉलेजातली मैत्रीण अशा वाड्यांवर माहितीपट करायचा म्हणून आली. तिला घरी मीच नेलं. परवानगीचा कागदही बाबांना मीच वाचून दाखवला.

चित्रीकरण दोन दिवस चाललं. बाबांना तीनदा घरातून बाहेर पडायला लावलं.

"मघाशीच निघालो की. परत कशाला?"

"एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा नुसते पाय, काका."

"मग पायच पाठवतो. मी बसतो हितंच."

ती हसली. बाबा तिला आवडले होते, हे खोटं नव्हतं. तिनं त्यांना शिकवलं की कॅमेऱ्याकडे बघायचं नाही आणि प्रश्नातले शब्द घेऊनच उत्तर द्यायचं, कारण तिचा आवाज नंतर काढून टाकणार. बाबा ते मन लावून शिकले.

मग तिनं विचारलं, मदतीला कोण आलं? बाबा बरंच बोलले. ते संपल्यावर ती म्हणाली, आता मिनिटभर कुणी हलायचं नाही. प्रत्येक खोलीला आपली एक शांतता असते, ती वेगळी रेकॉर्ड करून ठेवावी लागते; कापलेल्या वाक्यांच्या सांध्यात ती भरतात. मी गॅस बंद केला. कोंबड्या आधीच डालून ठेवल्या होत्या. बाबा हातांकडे बघत बसून राहिले. कॅमेरा चालूच होता, ते मला दिसत होतं. त्यात काही वावगं वाटलं नाही.

माहितीपट महाडला एका सभागृहात दाखवला. वाडीतली माणसं जीप करून आली. डोलीचा पुढचा दांडा धरणारे शेजारचे काका इस्त्रीचा शर्ट घालून बाबांच्या शेजारी बसले.

पडद्यावर तिचा आवाज आला, "मदतीला कोण आलं?" मग बाबांचा चेहरा. ते काही बोलत नाहीत. हातांकडे बघतात. घड्याळ ऐकू येतं. मग धुक्यातली रिकामी पायवाट आणि निवेदन: डोंगरात माणूस एकटाच असतो.

काढून टाकायचा तो प्रश्न पडद्यावर होता. उत्तर नव्हतं.

सभागृहात कुणीतरी डोळे पुसले. जिन्यात काका बाबांना म्हणाले, "आमी काय नव्हतोच काय रे?"

"मी सांगितलंय. चौघांची नावं सांगितलीत."

"आमाला नाय आली ऐकू."

त्यानंतर काका लग्नाकार्याला येत, बोलवलं तर शेतावरही येत. फक्त संध्याकाळी आमच्या ओटीवर बसायचे, ते थांबले. बाबा त्यांच्या जागी चटई घालत आणि दिवेलागणीला उचलत.

मी मैत्रिणीला फोन केला.

"नावं फार लांबत होती गं," ती म्हणाली. "आणि त्यांची शांतता किती बोलकी आहे, बघ ना."

"ती तूच मागितली होतीस."

"अगं, सगळेच असं करतात."

मी मूळ चित्रीकरण मागितलं. डिस्क रिकामी करून पुढच्या कामाला वापरली होती.

बाबा गेले तेव्हा तिरडीला पहिला खांदा काकांनी दिला. दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले आणि बाबा काय म्हणाले होते ते सगळं सांगितलं.

"तू त्याची लेक. तू असंच सांगणार गो," ते म्हणाले, आणि मला चहा दिला.

म्हणून लिहिते. बाबांनी चारही नावं घेतली होती. इथं ती देत नाही, तरी त्या चौघांना कळेल. ते म्हणाले, "मदतीला आली ती ही चार माणसं. पुढचा होता त्यानं चपला काढून टाकल्या, चिखलात पाय रोवायला. आपलं प्लास्टिक हिच्यावर घातलं, स्वतः भिजला. दर वळणाला हिला सांगायचा, वयनी, आला हा रस्ता. रस्ता लांब होता. पण हिला शेवटपर्यंत वाटत होतं की आला." मग थांबून त्यांनी विचारलं, "एवढं पुरे काय?"

"पुरे, काका," मैत्रीण म्हणाली. "आता मिनिटभर कुणी बोलू नका."