गादी सोडणारा राजा

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात दरवर्षी नाटक बसायचं, कामगारांच्या स्पर्धेसाठी. मी पॅकिंगमध्ये होते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बायका स्टेजवर यायला तयार नसत, म्हणून दरवर्षी मलाच विचारत. आई तालमीला सोबत यायची, कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून राहायची आणि मला घेऊन घरी जायची.

त्या वर्षी आमच्या दिग्दर्शकाने इंग्रजी नाटक निवडलं. ते ड्रॉइंग ऑफिसातले, वाचणारे. त्यांनी स्वतःच ते मराठीत केलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी गोष्ट सांगितली. इंग्लंडचा एक राजा. पोरवयात गादीवर आलेला, खुशमस्कऱ्यांच्या नादी लागलेला. तो आपल्या चुलतभावाला हद्दपार करतो आणि भावाचे वडील वारले की त्यांची सगळी जमीन खालसा करतो. मग समुद्रापलीकडे दुसऱ्याच लढाईवर जातो. तेवढ्यात तो भाऊ आपला हक्क मागायला परत येतो, आणि एकेक सरदार त्याला जाऊन मिळतो. दोघा भावांत लढाई अशी होतच नाही. राजाला भर दरबारात आणतात आणि स्वतःच्या हाताने मुकुट द्यायला लावतात. पुढे कैद, आणि कैदेत खून.

आईने घरी जाताना एवढंच म्हटलं, की राजा चुकला खरा, पण असं चारचौघांत उतरवायला नको होतं.

राजाचं काम पेंट शॉपमधल्या एकाला दिलं. तिशीतला माणूस, सडपातळ, आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यावा. वडील जालन्याकडून आलेले. तो बौद्ध वस्तीत, विहाराच्या मागे राहायचा. भावाचं काम मशीन शॉपच्या चार्जमनला, म्हणजे तिथल्या मुकादमाला. तो मालवणचा, अंगाने भरलेला. दोघांचं बरं जमायचं, एका डब्यातलं खायचे. पण राजा कोण हे कळल्यावर एकदोघांनी कुजबुज केली, राजा कसा शोभून दिसायला पाहिजे म्हणून. शोभणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. त्याच्याही कानावर गेलं. तो मला म्हणाला, "ताई, गादी घालवणारा राजा आहे म्हणून मला मिळाला. टिकवणारा असता तर दिला असता का?" हसत म्हणाला, पण मी हसले नाही.

मी राणी. माझं मोठं काम म्हणजे राजाला कैदेत नेताना रस्त्यात भेटते तो प्रवेश. मुकुटाच्या प्रवेशात मी नव्हते, विंगेत उभी राहून बघायचे. तिथेच त्याचं अडत होतं. दिग्दर्शकांना हवं होतं की राजाने मुकुट पुढे करावा, भावाने दुसऱ्या बाजूने धरावा, आणि राजाचा हात सुटता सुटू नये. तो मात्र सरळ देऊन टाकायचा. दोनतीनदा झाल्यावर दिग्दर्शक वैतागले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मला धरून ठेवायची सवय नाही. घेणारा आला की घेऊन जातो, असंच बघत आलोय."

 तालीम तिथेच थांबली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही सकाळी आलो तर गेट बंद, वर नोटीस. टाळेबंदी. आमचे कपडे, लाकडी तलवारी, टूलरूमने केलेला मुकुट, सगळं कॅन्टीनच्या कपाटात आत राहिलं. नाटक करायचं की नाही यावर गेटसमोरच बोलणं झालं. दिग्दर्शक म्हणाले, नाव मागे घेऊ. चार्जमन म्हणाला, घरी बसून तरी काय करणार. राजाने विहाराच्या हॉलची चावी मिळवली, आणि तालमी तिथे सुरू झाल्या. ज्यांनी कुजबुज केली होती तेही आले. पहिल्या दिवशी जरा दाराशी घुटमळले. त्याच्या बायकोने चहा आणला, तो घेतला, आणि मग रोज येऊ लागले. मुकुट त्यानेच डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून केला आणि रंगवला. रंग त्याच्या हातचा, त्यामुळे लांबून खरा वाटायचा.

प्रयोगाला आमचीच माणसं जास्त होती. बायकापोरांसकट. कामाला नव्हतं ना कोणी.

मुकुटाचा प्रवेश आला. त्याने मुकुट पुढे केला, चार्जमनने दुसरी बाजू धरली. वाक्य संपलं, आणि हात सुटला नाही. मला वाटलं, छान, जमलं. पण तो सोडेचना. चार्जमनने हलकेच ओढलं. त्याने आणखी घट्ट धरलं. पुढचं वाक्य त्याचं होतं, ते येईना. तो चार्जमनकडे बघत होता, आणि ते बघणं नाटकातलं नव्हतं. शेवटी चार्जमन ओठ न हलवता म्हणाला, "सोड रे आता. लोकां बघतत."

त्याने सोडला. मग पुढचं वाक्य इतक्या खालच्या आवाजात म्हटलं की मागच्यांना ऐकू गेलं नसेल.

विंगेत आला तेव्हा तळहात पत्र्याने कापला होता. चार्जमनने दरबारातल्या कपड्यांतच त्याला रुमाल बांधला. पुढे लगेच आमचा रस्त्यातला प्रवेश. निरोप घेताना मी त्याचा हात धरायचा होता. मी मनगट धरलं. डोळ्यांतलं पाणी काढायला मला तालमीत फार कष्ट पडत, त्या दिवशी पडले नाहीत.

आम्हाला नंबर मिळाला नाही. परीक्षकांचं म्हणणं, मुकुटाच्या प्रसंगी नाटकाची लय गेली.

कित्येक महिन्यांनी गेट उघडलं, पण सगळ्यांसाठी नाही. चार्जमनला बोलावलं. युनियनच्या कमिटीवर होते त्यांना नाही, आणि राजा कमिटीवर होता. चार्जमन त्याच्या घरी गेला, तेव्हा मी आणि आई तिथेच होतो, त्याच्या बायकोच्या बाळंतपणानंतर भेटायला. चार्जमन दारातच उभा राहिला. म्हणाला, "तू सांगशील तर नाही जाणार."

"जा," तो म्हणाला. "तू बाहेर राहिलास म्हणून मला आत कोण घेणार आहे? पोरं शिकतायत तुझी."

चार्जमन बसलाच नाही. आईने त्याला पाणी दिलं, ते उभ्याने प्यायला आणि गेला. पुढे कारखान्यात नवं मंडळ झालं, त्यांनी विनोदी नाटक बसवलं. चार्जमनला विचारलं तर नाही म्हणाला. परत कधीच स्टेजवर गेला नाही, असं ऐकलं.

मला अंधेरीला शिवणकामाच्या कारखान्यात काम लागलं. काही वर्षांनी एकदा कामासाठी दिंडोशीला गेले होते. तिथे नव्या वसाहतीच्या इमारती रंगवायचं काम चालू होतं, आणि परांचीवरून कोणीतरी "ताई" म्हणून हाक मारली. राजाचा तो आवाज ओळखायला चुकणं शक्य नव्हतं. तो खाली उतरला, हात पुसले, समोरच्या टपरीवर चहा घेतला. आईची चौकशी केली. मुलगी शाळेत जाते म्हणाला, पाठांतर चांगलं आहे तिचं. नाटकाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. चहा संपला तसा म्हणाला, "वरचा मजला ऊन चढायच्या आत उरकायचाय," आणि दोरीला धरून परत चढायला लागला.