बिडी नव्हती, मग ठिणगी कुठली?

भाचीचा फोन आला तेव्हा ती आधी हिंदीत बोलली, "मौसी, पप्पा नहीं रहे." मग मराठीत, "सकाळी चांगले बोलत होते गं..." त्याला आता दीड महिना होत आला.

प्रभाकर भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, सेफ्टीच्या कामात गेली. सेक्टर दहाच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये मी सुट्टीला जायची, तेव्हा ताई जेवायला वाढायची आणि भाऊजी प्रश्न वाढायचे. कुकरची शिट्टी थांबून थांबून कावून होते? हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट कावून वाजते? उत्तर ठाऊक नसलं की त्यांना जास्त आनंद व्हायचा.

रिटायर झाल्यावर कुम्हारीच्या एका खासगी पेट्रोल डेपोच्या मालकानं त्यांना बोलावलं. टँकर भरताना भडका उडाला होता आणि ईश्वर नावाच्या कामगाराचा हात भाजला होता. मालकाच्या मते ईश्वर बिडी ओढत होता. त्याला कामावरून काढलंच होतं, आता पोलिसांतही द्यायचं चाललं होतं. भाऊजींनी फक्त त्यावर शिक्का मारायचा होता.

ते आधी ईश्वरच्या घरी गेले. "साहेब, मी बिडी पेतच नाही," तो म्हणाला. "पाइपाच्या जोडाजवळ हात नेला, तं चट् वाजलं..."

त्या 'चट्'नं भाऊजींना झोप लागेना. "तिथं वायर नाही, बटन नाही. मले सांग, ठिणगी आली कुठून?" ते मलाच विचारत. डेपोत गंजलेल्या लोखंडी पाइपाचा एक भाग काढून प्लॅस्टिकचा टाकला होता, आणि त्याच्या मधोमध लोखंडी जोड होता. भाऊजी तिथंच अडले. मग एका कोरड्या दुपारी त्यांनी मालकाला घरी बोलावलं. प्लॅस्टिकच्या नळीच्या मध्ये पत्र्याचं कडं बसवलं आणि वरून ताईचा रवा ओतायला लागले.

"अहो, चाळलेला हाय तो!" ताई ओरडली.

"आता कड्याजवळ बोट न्या," भाऊजी मालकाला म्हणाले. बारीकसं चट् झालं. मालकानं हात मागे ओढला.

"रवा काय, पेट्रोल काय, वाहता वाहता घासते, अन् वीज तयार होते. लोखंडी पाइप जमिनीशी जोडला असला तं ती उतरून जाते. प्लॅस्टिक तिले जाऊ देत नाही. मधातला जोड दोन्हीकडून अडकला, म्हणून साठत राहिली. ईश्वरच्या हातानं वाट दिली तिले."

पुढच्या आठवड्यात प्लॅस्टिक निघालं, लोखंड परत आलं, आणि ईश्वरही.

परवा रायपूरला जाताना मी कुम्हारीला उतरले. ईश्वरनं मला फाटकापाशीच थांबवलं. टँकर लागला तसा त्यानं जमिनीतून आलेल्या तारेचा चिमटा टँकरला लावला आणि ओढून पाहिला. मग पुन्हा एकदा ओढला.

"साहेब सांगत, लावला म्हणजे लागलाच असं समजू नको," तो माझ्याजवळ येत म्हणाला.

पेट्रोल वाहायला लागलं. आम्ही दोघं फाटकापाशी उभे होतो. काहीच घडत नव्हतं... आणि टँकर भरेपर्यंत आम्ही ते पाहत राहिलो.